दूध घालायला येणाऱ्याच्या मोबाइलवर सल्ला कसा पोचवायचा

दूध संस्थेत, शेतकरी कंपनीत किंवा पशुसखी (गावात पशुपालकांना मदत करणारी प्रशिक्षित बाई) म्हणून नवीन लागलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात वाटतं, आपल्या भागासाठी एक वेगळं ॲप हवं. ते काही दिवस बाजूला ठेवा. गोठ्यात शेणाने भरलेल्या हातांनी कोणी पासवर्ड टाकत बसत नाही. ज्या फोनवर भाच्याच्या लग्नाचे फोटो येतात, त्याच फोनवर, त्याच जागी तुमचा निरोप गेला तर तो उघडला जातो. सातारा-सांगलीत पशुपालकांना मोबाइलवरून सल्ला द्यायला सुरुवात कशी करायची, ते इथे कामाच्या क्रमाने दिलं आहे.

आधी वही

एक संकलन केंद्र धरा आणि त्याला दूध घालणारे ४० गोठे निवडा. त्याहून जास्त नकोत, कारण पहिले दोन महिने प्रत्येकाला निदान एकदा प्रत्यक्ष भेटायचं आहे. वहीत प्रत्येक जनावराची एक ओळ: गाय की म्हैस, जात, कानातल्या टॅगचा १२ आकडी क्रमांक, कितवं वेत, शेवटची कधी व्याली, रेतन कधी केलं, आज दूध किती. टॅगचा क्रमांक तोंडी सांगितलेला लिहू नका, फोटो काढून त्यावरून उतरवा. 'भारत पशुधन' या सरकारी प्रणालीत जनावराची ओळख हाच क्रमांक आहे. लसीकरण आणि रेतनाची नोंद त्यावरच चढते. एक आकडा चुकला की तुमच्या वहीतली गाय तिसऱ्याच्याच गोठ्यात बांधली जाते.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: फोन कोणाचा? संस्थेच्या रजिस्टरला असतो तो सभासदाचा नंबर, म्हणजे बहुतेक घरांत पुरुषाचा. तो दिवसभर कारखान्यावर, एमआयडीसीत नाहीतर रानात. कास धुणारी, वैरण टाकणारी आणि म्हशीने रवंथ सोडलं हे सगळ्यांच्या आधी ओळखणारी बाई त्या रजिस्टरला नसतेच. तिचा नंबर मागा. तिच्याकडे फोन नसेल तर घरातला फोन किती वाजता तिच्या हाताशी असतो, ते लिहा. वहीत 'स्मार्टफोन', 'साधा फोन' आणि 'संध्याकाळी सातनंतर' अशा तीन खुणा पुरतात.

नंबर घेतानाच विचारा, "या नंबरवर जनावरांबद्दलचे निरोप पाठवले तर चालेल का?" होकाराची तारीख लिहून ठेवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा हाच आहे, की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. पेंड विकणाऱ्याने यादी मागितली तर ती द्यायची नाही. तो संचालकाचा पाहुणा असला तरी नाही.

कोणतं साधन कशासाठी

सरकारी ॲप आहेत, ती टाकून देऊ नका. आजारी जनावरासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आणि त्यामागची फिरती पशुवैद्यकीय पथकं आहेत. ई-गोपाला २०२० पासून आहे. आहार काढून देणारं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं 'पशुपोषण' आहे. ही ॲप आधी तुम्ही शिकायची. गोठ्यावर बसून तुमच्या फोनवर आहार काढून द्या आणि उत्तर त्यांच्या फोनवर पाठवा. प्रत्येकाला ॲप उतरवायला लावण्यात आठवडे जातात आणि महिन्याभराने निम्म्या फोनमधून ते काढलेलंही असतं.

रोजच्या निरोपासाठी व्हॉट्सॲप. त्यातही बिझनेसचं घ्या, कारण त्यात तयार उत्तरं साठवता येतात आणि माणसांना 'गाभण', 'नुकतीच व्यालेली', 'शेळी-मेंढी' अशी लेबलं लावता येतात. ग्रुप करायचा की ब्रॉडकास्ट यादी, हा पहिला प्रश्न येतो. ग्रुपमध्ये १,०२४ जण बसतात, पण तिथे चर्चा, जाहिराती आणि सुप्रभात यांचा पूर येतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. गोठ्यातली अडचण चारचौघांत सांगायला लाजणारी माणसं इथे मोकळेपणाने लिहितात. पण यात एक खोच आहे, आणि नवे लोक तिथेच अडकतात: ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा निरोप जातच नाही. कुठे काही चूकही दिसत नाही. म्हणून भेटीच्या दिवशी त्यांचा फोन हातात घेऊन, त्यांच्यासमोर, 'गोठा सल्ला' अशा नावाने तुमचा नंबर सेव्ह करून द्या आणि तिथल्या तिथे एक चाचणी निरोप पाठवा.

ग्रुप करायचाच असेल तर निरोप फक्त ॲडमिनला पाठवता येतील अशी सेटिंग ठेवा आणि प्रश्नांसाठी वेगळा नंबर द्या.

साध्या फोनला एसएमएस. मराठी एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, इंग्रजी लिपीत १६०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणून 'उद्या सकाळी ८ ला शाळेजवळ लाळखुरकूत लस. जनावरं बांधून ठेवा.' एवढंच बसतं. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे तर संस्थेची आणि मजकुराच्या नमुन्याची दूरसंचार कंपनीकडे नोंदणी लागते. चाळीस माणसांसाठी ती खटपट नको, फोन करा.

पाटण, जावळीच्या खोऱ्यांत रेंज घरात नसते, टेकडीवर किंवा एसटी थांब्यावर असते. तिथे व्हिडिओ नको, फोटो नको. आवाजातला निरोप पाठवा आणि तोच मजकूर संकलन केंद्राच्या फळ्यावर खडूने लिहा. खरं तर फळा सगळीकडेच लिहावा. दुधाची किटली मापावर असते तेवढ्या दोन मिनिटांत माणसाची नजर दुसरीकडे कुठे जाणार?

एक निरोप, एक काम

'दुभत्या जनावरांच्या आहारात ऊर्जा, प्रथिने व खनिजे यांचा संतुलित प्रमाणात समावेश करावा.' या वाक्यात चूक काहीच नाही आणि उपयोगही काही नाही. वाचणाऱ्याने उठून काय करायचं? आता उसाच्या गाळप हंगामातला हा निरोप बघा (वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आंबवण म्हणजे पेंड-भरड्याचा खुराक):

'वाढं सुरू झालंय. फुकट मिळतंय म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. वाढ्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. दूध उतरतं, व्यालेली म्हैस बसते. निम्मी वैरण कडबा, मका नाहीतर घास द्या. दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबवणातून. उद्या केंद्रावर येताना घरातली वाटी आणा, ५० ग्रॅमची खूण करून देतो.'

यातली वाटी महत्त्वाची. आपल्याकडे गोठ्यात किलो नसतो. घमेलं, पाटी आणि मूठ असते. सरकी पेंडीचं घमेलं आणि गोळी पेंडीचं घमेलं वजनात सारखं भरत नाही. म्हणून किलोत सल्ला द्या, पण त्यांचंच भांडं एकदा काट्यावर ठेवून रंगाने रेघ मारा. आंबवणाचा ढोबळ हिशेब असा: जनावराच्या स्वतःच्या पोषणाला दीड ते दोन किलो, शिवाय गाईला दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. १० लिटरच्या गाईला साडेपाच ते सहा किलो. हे वाचून काही जण दुसऱ्याच दिवशी तीनचे सहा किलो करतात आणि जनावराचं पोट बिघडतं. म्हणून त्याच निरोपात लिहा: दर दोन-तीन दिवसांनी पाव ते अर्धा किलोच वाढवा.

आहाराच्या ॲपला वजन लागतं आणि गोठ्यात काटा नसतो. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ६६ आणि लांबी ५४ असेल तर सुमारे ३५६ किलो. जनावर सपाटीला, चारही पायांवर सरळ उभं हवं; उतारावर मोजलं की आकडा चुकतो.

आवाजातला निरोप ४० ते ६० सेकंदांचा. पहिल्या पाच सेकंदांत कोणासाठी ते सांगा: "ज्यांची गाय या महिन्यात व्यायची आहे त्यांच्यासाठी." म्हणजे बाकीचे पुढे जातात आणि पुढच्या वेळी तुमच्यावर वैतागत नाहीत. कडबाकुट्टी चालू असताना रेकॉर्ड करू नका. पुस्तकी शब्द टाळा: 'कृत्रिम रेतन'पेक्षा 'भरवणं' आणि 'स्तनदाह'पेक्षा 'दगडी' लवकर कळतं. शब्दही तालुक्यागणिक थोडे बदलतात, म्हणून पहिला निरोप दोन बायकांना ऐकवून "काय समजलं?" असं विचारा. 'समजलं का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर सगळीकडे 'हो' असंच येतं.

पाठवायची वेळ सकाळी साडेपाच किंवा रात्री आठ. दुपारचा निरोप संध्याकाळपर्यंत वीस फोटोंच्या खाली गाडला जातो. आठवड्याला दोन निरोप पुरे. रोज पाठवलात तर महिन्यात तुम्हाला म्यूट करतील.

तारखांचे निरोप: खरी कमाई इथे आहे

सर्वांना सारखा सल्ला कोणीही देईल. 'तुमची ही गाय, आज हे करा' असं सांगणारा निरोप मात्र माणूस जपून ठेवतो. त्याला महागडं ॲप लागत नाही. गूगल शीटमध्ये रेतनाची तारीख टाकून पुढचे रकाने बेरजेने काढा.

समजा गाय ५ जानेवारीला भरवली. २१ दिवसांनी, २६ जानेवारीच्या आगेमागे, माजावर परत येते का ते बघायचं. ६० ते ९० दिवसांत, म्हणजे ६ मार्च ते ५ एप्रिलदरम्यान, गाभण तपासणी. गाईचे दिवस साधारण २८०, म्हणून १२ ऑक्टोबरच्या सुमाराला विणार. त्याआधी ६० दिवस आटवायची (दूध काढणं थांबवायचं), म्हणजे १३ ऑगस्टला. म्हशीला ३१० दिवस धरा. तीच तारीख असेल तर वेत ११ नोव्हेंबरला येतं आणि आटवणं १२ सप्टेंबरला. लीप वर्ष असेल तर फेब्रुवारीनंतरच्या तारखा एक दिवस अलीकडे येतात, शीट ते आपोआप धरते. हाताने मोजणारे इथेच चुकतात.

२१ व्या दिवसाच्या निरोपात पुढचं पाऊलही घाला: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो आणि उन्हाळ्यात तर रात्री किंवा पहाटेच दिसतो, म्हणून तिच्यासाठीचा निरोप आदल्या रात्री जायला हवा: 'पहाटे पाचला उठून सोट बघा.' (सोट म्हणजे माजावर आल्यावर योनीतून येणारा चिकट स्राव.)

विण्याच्या आठवड्याचा निरोप सगळ्यात काळजीपूर्वक लिहा, कारण तिथे जुन्या समजुती आड येतात. जार (वासरामागून पडणारी वार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, असं अजून अनेक घरांत मानतात. तेवढ्या वेळात वासराची चिकातून रोगप्रतिकारशक्ती घेण्याची क्षमता तासातासाला कमी होत जाते. निरोप असा: 'जार पडायची वाट बघू नका. जन्मल्यापासून तासाभरात पहिला चीक. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर, तीन-चार वेळा विभागून. १२ तासांत जार पडला नाही तर डॉक्टरांना फोन. ओढू नका, वजन बांधू नका.'

प्रश्न यायला लागले की

महिन्याभरात 'म्हैस खात नाही, औषध सांगा' असे निरोप येऊ लागतात. इथे तुमची हद्द ओळखा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार निदान आणि औषधोपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. पदविकाधारकांना किरकोळ सेवा देता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. तेव्हा निरोपात औषधाचं नाव आणि डोस कधीच नाही. एका गाईसाठी लिहिलेला डोस फॉरवर्ड होऊन शेळीला टोचला जातो. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, तरी 'दुखण्याचं इंजेक्शन' म्हणून कोणीतरी ते सुचवतोच. तसा निरोप दिसला की तो काढा, आणि का काढला ते लिहा.

तुमचं काम आहे डॉक्टरांना पूर्ण माहिती मिळवून देणं. बिझनेस व्हॉट्सॲपमध्ये हे तयार उत्तर साठवून ठेवा:

'१) टॅगचा फोटो. २) जनावर बाजूने पूर्ण, डाव्या कुशीसह. ३) दुखणाऱ्या जागेचा जवळून फोटो, शेजारी हात ठेवून. ४) शेण. ५) चालतानाचा किंवा श्वास घेतानाचा १५ सेकंदांचा व्हिडिओ. मग बोलून सांगा: कधीपासून, कधी व्याली, रवंथ करते का, कालचं आणि आजचं दूध, काल नवीन काय खाल्लं, ताप किती.'

ताप हाताने सांगू देऊ नका. डिजिटल थर्मामीटर प्रत्येक गोठ्यात हवा. गुदद्वारात घालून आतल्या बाजूला टेकवायचा, शेणात खुपसायचा नाही. नाहीतर आकडा कमी येतो. निरोगी गाईचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं.

काही प्रश्नांना फोटो मागत बसू नका. हे दिसलं की थेट डॉक्टरांना नाहीतर १९६२ ला फोन: व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत जनावर बसलं आणि मान वळवून पडलं, डावी कूस फुगून ताणली, पाणमोट फुटून दोन तास झाले तरी वासरू पुढे येत नाही, अंग (गर्भाशय) बाहेर आलं, लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची, कोवळी किंवा सुकलेली ज्वारी खाऊन किराळ (ज्वारीची विषबाधा) लागली. किराळीचा निरोप जत, आटपाडी, माण, खटावला पावसाने ओढ दिली की आधीच पाठवा, कारण लागल्यावर हाताशी वेळ फार थोडा असतो.

दोन गोष्टी पाठ करा. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून काळपट रक्त येत असेल तर ते फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही; फाशी हा रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो. आणि लाळ गाळणाऱ्या, वेगळं वागणाऱ्या जनावराच्या तोंडात 'काही अडकलंय का' म्हणून हात घालायचा नाही. पिसाळ (रेबीज) असू शकते.

गाठी, तोंडा-खुरांतले फोड किंवा एकाच गावात दोन-तीन जनावरं एकदम आजारी, असं दिसलं तर ते ग्रुपवर टाकू नका. पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करा. २००९ च्या संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या कायद्यानुसार असे रोग कळवणं बंधनकारक आहे. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत दुधाबद्दल अफवा पसरल्या, तेव्हा ज्या गावांत आधीपासून एक विश्वासाचा नंबर होता तिथे एक वाक्य पुरायचं: लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या.

कॅलेंडर तालुक्याचं, जिल्ह्याचं नव्हे

एकच वेळापत्रक चालत नाही. पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची. लाळखुरकूत वर्षातून दोनदा. ब्रुसेल्लाची (गर्भ टाकायला लावणाऱ्या रोगाची) लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आणि आयुष्यात एकदाच. लसीच्या निरोपात हे आधीच सांगा, की एक-दोन दिवस दूध थोडं उतरू शकतं. न सांगता लस दिली की पुढच्या वेळी गोठ्याचं दार बंद मिळतं.

माण, खटाव, जत, आटपाडीत मेंढपाळ वाट धरतात, म्हणून त्यांचे निरोप गावाच्या नव्हे, वाटेच्या हिशेबाने ठेवा. निघण्याआधीची लस, परतल्यावरचं जंतनाशक.

कृष्णाकाठी, पलूस, वाळवा, मिरज भागात जुलै-ऑगस्टमध्ये वेगळी यादी तयार ठेवा. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना समजावत बसावं लागत नाही, फक्त वेळेत आठवण हवी. ४० ची वाट बघू नका, पाणी चढतंय म्हटलं की पाठवा: 'जनावरं उंचावर हलवा. चार दिवसांची वैरण उंच ठेवा. टॅगचे फोटो काढा. निघावंच लागलं तर दावी सोडून निघा, बांधलेलं जनावर बुडतं.' पाणी ओसरल्यावर दुसरा निरोप: भिजलेला, बुरशी आलेला कडबा आणि पेंड टाकून द्या.

पोचलं का, हे कसं कळायचं

निळ्या खुणा मोजू नका. त्या घरातल्या पोरानेही उमटवलेल्या असतात. महिन्याला दहा घरांना फोन करा, निम्मे बायकांना, आणि एकच विचारा: "गेल्या महिन्यातलं काय केलंत?" 'काही नाही' असं उत्तर आलं की कारण विचारा. खनिज मिश्रण गावात मिळत नाही, डॉक्टर उशिरा आले, वाटीची रेघ पुसली गेली, अशी कारणं निघतात आणि पुढच्या महिन्याचे निरोप त्यांतूनच तयार होतात. मजकूर पाठवण्याआधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांकडून एकदा नजरेखालून घालून घ्या. वर्षाचे मिळून शंभर निरोप होतात, ते दोन बैठकांत तपासून होतात.

सिमकार्ड तुमच्या नावावर घेऊ नका, संस्थेच्या नावावर घ्या. नोकरी सुटली की नंबर जातो आणि चाळीस फोनांत सेव्ह केलेलं 'गोठा सल्ला' मुकं होतं. शीट संस्थेच्या ईमेलवर ठेवा, तिची प्रत दर महिन्याला काढा, आणि फोन पाण्याच्या टाकीत पडला तरी चालेल अशा बेताने वहीही चालू ठेवा.